‘बोंझो’ : भिक्खूसाठी युरोपने घेतलेल्या एका शब्दाचा इतिहास

बौद्ध भिक्खूला युरोपातील लोक काय म्हणतात, असा प्रश्न कोणी केला तर आज त्याचे उत्तर सोपे आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांतील अभ्यासग्रंथांत ‘भिक्खु’ अथवा ‘भिक्षु’ हा मूळ शब्दच आता रूढ झाला आहे, आणि सामान्य लेखनात ख्रिस्ती संन्याशासाठी असलेला त्या त्या भाषेतील शब्द वापरला जातो. परंतु जवळजवळ चारशे वर्षे युरोपने आणखी एक शब्द वापरला. पोर्तुगीज व इटालियनमध्ये तो ‘बोंझो’, फ्रेंच व इंग्रजीत ‘बोंझ’, जर्मनमध्ये ‘बॉन्त्से’, डचमध्ये ‘बॉन्स’ आणि रशियनमध्ये ‘बोन्झा’ असा आढळतो. स्पेनमध्ये त्याचा उच्चार ‘बोन्थो’च्या जवळ जातो. शब्द एकच, पण प्रत्येक भाषेने त्याला आपले लिंग, आपले प्रत्यय आणि पुढे आपापला अर्थ दिला. आज जर्मनीत हा शब्द कानी पडला तर कोणालाही चीवरधारी भिक्खू आठवणार नाही. आठवेल तो एखाद्या पक्षाचा गब्बर पुढारी. संघाच्या एका नावाचे असे रूपांतर का झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात आम्ही घेत आहोत. केवळ शब्दकुतूहल एवढाच या शोधाचा हेतू नाही, हे शेवटी वाचकांच्या ध्यानी येईल.

१. गोव्याहून कागोशिमाकडे

या शब्दाच्या कथेचा आरंभ आपल्या शेजारी, गोव्यात होतो. आन्जिरो नावाचा एक जपानी गृहस्थ मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियर यास भेटला व पुढे गोव्यास आला. तेथील सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले आणि 1548 साली गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याने दिलेल्या माहितीवर विसंबून झेवियर एप्रिल 1549 मध्ये गोव्याहून निघाला आणि 15 ऑगस्ट 1549 रोजी जपानच्या दक्षिण टोकाकडील कागोशिमा येथे उतरला. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला त्याने गोव्यातील आपल्या सहकाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. जपानी लोक ज्यांना धर्मगुरू मानतात त्यांना ते ‘बोंझो’ म्हणतात, अशी ओळख या पत्रात आहे. पत्राच्या नकला युरोपभर फिरल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दही फिरला.

या पत्रात बोंझोंच्या आचरणावर कठोर टीका आहे. परंतु त्याच पत्रात कागोशिमाच्या फुकुशो-जी या झेन विहाराचे वृद्ध प्रमुख निन्शित्सु यांच्याविषयी आदर व स्नेहही आहे. आत्मा अमर आहे की नाही, यावर या दोघांचे संभाषण होत असे, आणि निन्शित्सु निश्चित उत्तर देत नाहीत याचे झेवियरला नवल वाटे. अनात्मवादाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना त्या मौनाचे नवल वाटणार नाही. तात्पर्य, आरंभी ‘बोंझो’ हा शिवीचा शब्द नव्हता. तो एका प्रवाशाने कानी पडला तसा टिपून घेतलेला शब्द होता.

ज्या पोर्तुगीजांनी हा शब्द युरोपास दिला, त्यांनीच मराठीला ‘पाद्री’ हा शब्द दिला. एकाच जहाजमार्गावरून दोन धर्मगुरूंची नावे परस्परविरुद्ध दिशांना गेली, असे म्हणता येईल.

२. व्युत्पत्तीचा वाद

जपानी भाषेतील कोणत्या शब्दापासून ‘बोंझो’ झाला, याविषयी कोशकारांत दोन मते आहेत. काही कोश ‘बोझु’ हा शब्द देतात. ‘बो’ म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान आणि ‘झु’ म्हणजे त्याचा स्वामी. म्हणून ‘बोझु’ म्हणजे विहारप्रमुख. दुसरे कोश ‘बोन्सो’ हा शब्द पुढे करतात. ‘बोन्’ म्हणजे सामान्य आणि ‘सो’ म्हणजे भिक्खू. म्हणून ‘बोन्सो’ म्हणजे साधा, पदवी नसलेला भिक्खू. पहिल्या मताने अर्थ जुळतो, कारण बोलण्यात ‘बोझु’ हाच शब्द अधिक रूढ होता. दुसऱ्या मताने मधल्या अनुनासिकाचा उलगडा सहज होतो.

पालिच्या अभ्यासकाला दुसरे मत मोहात पाडणारे आहे. जपानी ‘सो’ हे चिनी ‘सङ्’ या शब्दाचे रूप होय, आणि चिनी ‘सङ्’ हा ‘सङ्घ’ या शब्दाच्या लिप्यंतराचा संक्षेप होय. चिनी भाषेत समूहवाचक ‘सङ्घ’ एकेका भिक्खूसाठीही वापरला जाऊ लागला आणि तोच जपानात गेला. म्हणजे दुसरी व्युत्पत्ती खरी असेल, तर युरोपच्या ‘बोंझो’ या शब्दाच्या पोटात आपला ‘संघ’ लपलेला आहे. पण जे आपल्याला प्रिय ते सिद्ध, असे मानणे अभ्यासकास शोभत नाही. म्हणून दोन्ही मते वाचकांपुढे ठेवून आम्ही पुढे जातो.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जपानी भाषेत भिक्खूसाठी ‘बिकु’ व भिक्खुनीसाठी ‘बिकुनी’ हे थेट भारतीय शब्द उपलब्ध होते. विहारातील गुरूसाठी ‘ओशो’ हा शब्द होता. त्याचा उगम मध्य आशियाच्या वाटेने ‘उपाध्याय’, अर्थात पालितील ‘उपज्झाय’, या शब्दापर्यंत नेला जातो. युरोपीय प्रवाशांनी ‘बिकु’ उचलला असता, तर भारत, सिंहल, सयाम आणि जपान येथील संघ एकच आहे हे त्यांना कदाचित तीनशे वर्षे आधी कळले असते.

३. अनेक नावांमुळे झालेला घोटाळा

तसे घडले नाही. जपानच्या भिक्खूसाठी आलेला ‘बोंझ’ हा शब्द युरोपीयांनी चीन व व्हिएतनाममधील भिक्खूंनाही लावला. सयाम व ब्रह्मदेशातील भिक्खूंना त्यांनी ‘तालापोइन’ हे वेगळे नाव दिले. त्याचे मूळ मोन भाषेतील एका आदरवाचक संबोधनात आहे. तिबेटातील भिक्खूसाठी ‘लामा’ हा तिसरा शब्द होता. तीन नावांमुळे तीन पंथ दिसू लागले. ला लूबेर या फ्रेंच राजदूताने 1691 साली प्रसिद्ध केलेल्या सयामविषयक ग्रंथात देवदत्ताच्या कथेचे भाषांतर दिले होते. पण ती कथा जपानच्या बोंझांचीही कथा आहे, हे वाचणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

नावांचा हा गुंता सुटण्यास पालि व संस्कृतच्या अध्ययनाची वाट पाहावी लागली. 1826 साली ब्युर्नूफ व लास्सेन यांनी पालिवरील आपला निबंध पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला आणि 1844 साली ब्युर्नूफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना करणारा ग्रंथ आला. या पिढीच्या कार्यानंतरच बोंझ, तालापोइन व लामा हे एकाच शास्त्याचे अनुयायी आहेत, ही गोष्ट युरोपातील विद्वानांत दृढ झाली. तोपर्यंत ‘तालापोइन’ हे नाव आफ्रिकेतील एका लहानशा माकडालाही मिळून गेले होते आणि प्राणिशास्त्रात ते आजही टिकून आहे.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. शब्दांचे सामर्थ्य मिशनऱ्यांना कळत नव्हते असे नाही. आन्जिरोच्या सांगण्यावरून झेवियरने प्रथम आपल्या ईश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. ‘दाइनिची’ म्हणजे महावैरोचन बुद्ध, हे 1551 च्या सुमारास लक्षात येताच त्याने तो टाकला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्दच जपानी उच्चारात वापरण्याचे ठरविले. भिक्खूंनीही त्यावर ‘दाइ उसो’, म्हणजे ‘महाअसत्य’, अशी कोटी करून उत्तर दिले. पुढे 1603 साली नागासाकी येथे जेझुइटांनी सुमारे 32,000 शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला. स्वतःच्या दैवताच्या नावाबाबत एवढी दक्षता घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या धर्मगुरूचे नाव मात्र जसे ऐकले तसे चालू दिले.

४. व्याकरणाच्या कोंदणात

परका शब्द भाषेत आला की व्याकरण त्याला आपल्या साच्यात बसवते. पोर्तुगीज, स्पॅनिश व इटालियन भाषांत ‘ओ’कारान्त नामे बहुधा पुल्लिंगी असतात, त्यामुळे ‘बोंझो’ तेथे सहज सामावला. पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये त्याचे अनेकवचन ‘स’ लावून होते, तर इटालियनमध्ये अन्त्य स्वर बदलून ‘बोंझी’ होते. फ्रेंचमध्ये अन्त्य स्वर गळाला, पण साधित शब्दांचे कुटुंब वाढले. भिक्खुनीसाठी ‘बोंझेस’ आणि विहारासाठी ‘बोंझरी’ हे शब्द तयार झाले. इंडोचीनमधील फ्रेंच अमदानीत व्हिएतनाम, कंबोडिया व लाओस येथील भिक्खूंसाठी हे शब्द सर्रास वापरले जात.

जर्मनने तो फ्रेंचकडून घेतला आणि ‘ए’कारान्त पुल्लिंगी नामांच्या त्या गटात टाकला, ज्यांना प्रथमा एकवचन वगळता सर्वत्र ‘न’ लागतो. म्हणून कर्ता ‘बॉन्त्से’. पण कर्म, संप्रदान, षष्ठी आणि संपूर्ण अनेकवचन ‘बॉन्त्सेन’. डचमध्ये एकवचन ‘बॉन्स’ व अनेकवचन ‘बॉन्झन’; शब्दाच्या अंती घोष व्यंजन न उच्चारण्याचा त्या भाषेचा नियम येथे दिसतो. रशियनमध्ये ‘बोन्झा’ असा ‘आ’कारान्त झाल्यामुळे तो अर्थाने पुल्लिंगी पण चालतो स्त्रीलिंगी नामांसारखा. आपल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटू नये. अन्त्य स्वर एक सांगतो आणि अर्थ दुसरे सांगतो, असे शब्द पुष्कळ भाषांत असतात.

५. अर्थाची घसरण

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये ‘बोंझ’ हा शब्द एका नव्या कामी आला. मॉन्तेस्क्यू यांच्या 1748 सालच्या कायद्यांविषयीच्या ग्रंथात चीनमधील चैनीची चर्चा करताना बोंझांच्या मठांचा उल्लेख येतो. विश्वकोशकारांनी बोंझावर नोंद लिहिली आणि व्होल्तेरच्या लेखनातही तो वारंवार दिसतो. यांपैकी बऱ्याच ठिकाणी लेखकाची नजर चीनवर कमी आणि स्वदेशातील चर्चवर अधिक होती. आपल्या धर्मगुरूंवर उघड टीका करणे धोक्याचे होते. दूरदेशीच्या बोंझावर ती करता येत होती. अशा रीतीने बोंझ हा आळशी, लोभी, भोळ्या जनतेला फसवणारा म्हणून रंगविला गेला. भांडण घरचे होते, मार बाहेरच्याला बसला. आजही फ्रेंचमध्ये स्वतःला फार मोठा समजणाऱ्या वृद्ध अधिकारी पुरुषाला ‘बोंझ’ म्हणतात.

जर्मनीत हाच प्रवाह राजकारणात शिरला. आधी ढोंगी धर्मगुरू हा अर्थ होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो पक्ष व कामगार संघटनांतील, सामान्य सभासदांपासून तुटलेल्या पदाधिकाऱ्यांना लागू लागला. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात नात्सी प्रचारकांनी समाजवादी पुढाऱ्यांविरुद्ध तो शस्त्रासारखा वापरला. हान्स फालाडा यांची 1931 सालची कादंबरी शेतकरी, बॉन्त्से आणि बॉम्ब अशी तीन नावे एकत्र गुंफून आपले शीर्षक बनवते; तोपर्यंत शब्द किती रुळला होता याची ती साक्ष आहे. पुढे सत्ता नात्सींच्या हाती आल्यावर लोक दबक्या आवाजात त्यांच्याच अधिकाऱ्यांना ‘बॉन्त्से’ म्हणू लागले. शब्दाने कोणाचीही चाकरी पत्करली नाही, एवढेच त्याचे समर्थन करता येईल. डचमध्ये पक्षाचा ‘बॉन्स’ आणि रशियन वृत्तपत्रांत पक्षाचा ‘बोन्झा’ हेही याच कुळातले.

स्पॅनिशची कथा निराळी व गंभीर आहे. 11 जून 1963 रोजी सायगाव येथे भिक्खू थिक क्वाङ् डुक यांनी दिएम राजवटीकडून होणाऱ्या बौद्धांच्या छळाच्या निषेधार्थ भर रस्त्यात अग्निसमर्पण केले. त्या घटनेचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. तेव्हापासून स्पॅनिशमध्ये ‘आ लो बोन्थो’, म्हणजे ‘बोंझाच्या रीतीने’, हा क्रियाविशेषण प्रयोग निषेधार्थ स्वतःस जाळून घेण्याच्या कृतीसाठी कोशात स्थिरावला. 11 नोव्हेंबर 1983 रोजी चिलीतील कॉन्सेप्सियॉन शहरात सेबास्तियान आसेवेदो या कामगाराने, अटकेतील आपल्या मुलांच्या सुटकेसाठी असेच प्राण दिले. त्याच्याविषयी लिहिताना हाच प्रयोग येतो. या कृतीचे विनयाच्या दृष्टीने मूल्यमापन कसे करावे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह यांनी 1965 साली मार्टिन ल्यूथर किंग यांना लिहिलेल्या पत्रात ती आत्महत्येहून वेगळी असल्याचे प्रतिपादन केले होते, एवढी नोंद येथे पुरे. भाषेच्या दृष्टीने पाहता, फ्रान्सने व जर्मनीने ज्या शब्दात लोभ पाहिला, त्याच शब्दात स्पॅनिश भाषिकांनी सर्वस्वत्याग पाहिला. नामाचे क्रियाविशेषण झाले आणि भिक्खूचे अवघे जीवन त्याच्या एका मृत्यूत सामावले.

६. संबोधन आणि तृतीय पुरुष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे असे का झाले? युरोपीय लोक परधर्मद्वेष्टे होते, हे उत्तर अपुरे आहे. खुद्द जपानात ‘बोझु’ची घसरण झालीच. विहारप्रमुखाचे हे आदराचे नाव पुढे कोणाही भिक्खूला तुच्छतेने लावले गेले, मुंडित डोक्याला लावले गेले, खोडकर पोरालाही लावले गेले. हाती घेतलेले काम लगेच सोडणाऱ्याला ‘तीन दिवसांचा बोझु’ म्हणतात. आणि बोझुचा द्वेष जडला की त्याच्या काषायाचाही द्वेष वाटतो, अशी म्हणही आहे. आपल्याकडेही ‘बुवा’ या आदरवाचक शब्दापासून ‘बुवाबाजी’ निघालीच. सम्राट अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पासंडांचा आदर करावा ही त्याची आज्ञा. पण आपण आज ‘पाखंड’ म्हणतो तो ढोंगाला. त्याचीच ‘देवानंपिय’ ही पदवी संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेत मूर्खाची वाचक ठरली.

आमच्या मते, याचे एक कारण व्याकरणातच दिसते. पालि सुत्तांत ‘भिक्खु’ हा शब्द असंख्य वेळा येतो तो ‘भिक्खवे’ या संबोधनरूपात. तथागत समोर बसलेल्यांना हाक मारतात आणि ते ‘भन्ते’ म्हणून प्रतिसाद देतात. तेथे बोलणारा व ऐकणारा समोरासमोर आहेत आणि एकमेकांस उत्तरदायी आहेत. ‘बोंझ’ हा शब्द मात्र युरोपच्या कोणत्याही भाषेत सहसा संबोधन म्हणून आला नाही. तो कायम तृतीय पुरुषी राहिला. कोणाला उद्देशून नव्हे, तर कोणाविषयी तरी बोलण्याचा शब्द. जो समोर नाही त्याच्या नावावर काहीही लादता येते.

मराठीत याच्या उलट घडले आहे. ‘भन्ते’ हे पालित केवळ संबोधन आहे; त्याला इतर विभक्ती नाहीत. परंतु आपल्या वस्त्यांत व विहारांत ‘भन्ते आले’, ‘भन्तेंनी धम्मदेसना दिली’, ‘भन्तेजींना चीवरदान केले’ असे आपण सहज म्हणतो. मराठीने एका हाकेचे नाम केले, त्याला ‘नी’ व ‘ना’ हे प्रत्यय लावले, आदरार्थी अनेकवचन दिले. पालि व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रमाद आहे, असे म्हणून काही पंडित नाक मुरडतात. आम्हास तो प्रमाद वाटत नाही. ज्याच्याशी आपण प्रत्यक्ष बोलतो, त्याच्या नावातच ती हाक शिल्लक राहिली आहे.

परंतु यावर समाधान मानून थांबता येणार नाही. शब्दाचा आदर कोश राखत नाही, तो शब्द धारण करणारा राखतो. भिक्खू कशासाठी निर्माण केला गेला, स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य व्हावा म्हणून की लोकांचा सेवक व मार्गदर्शक व्हावा म्हणून, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला आहे. व्होल्तेरसारख्यांनी बोंझाच्या मिषाने जो आक्षेप उपहासाने घेतला, तोच बाबासाहेबांनी संघाचे हित चिंतून, समोरासमोर विचारला. उपहास करणाऱ्याने तृतीय पुरुष वापरला. हितचिंतकाने संबोधन वापरले.

‘बोंझो’ हा शब्द गोव्याच्या वाटेने युरोपात गेला आणि पाच शतकांच्या आत कोठे थट्टेचा, कोठे सत्तेचा, तर कोठे बलिदानाचा शब्द झाला. ‘भन्ते’ हा शब्द मराठीत सार्वत्रिक झाला त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याचे पुढे काय व्हावे हे चीवर धारण करणाऱ्यांवर जितके अवलंबून आहे, तितकेच त्यांना हाक मारणाऱ्या उपासक-उपासिकांवरही आहे. हाक मारणाऱ्याने प्रश्न विचारणे सोडले की संबोधन संपते आणि तृतीय पुरुष सुरू होतो.